अळणी सोडवण

मामांना प्रयोगशाळेत मामा कोणी केलं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना बहीण नव्हती, त्यामुळे ते रीतसर कुणाचेच मामा नव्हते. पण तीस वर्षांत जो जो विद्यार्थी तिथे प्रबंध करायला आला तो तो त्यांचा भाचा झाला, आणि प्रबंध संपल्यावर भाच्यासारखाच निघून गेला. मामा बनवणं याचा मराठीत जो अर्थ होतो, त्यावरून दर वर्षी एखादा नवा भाचा विनोद करी, आणि मामा दर वर्षी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसत. या वर्षी कुणी विनोद केला नाही. चार महिन्यांपूर्वी मामी गेल्या होत्या. अशा वेळी काय बोलायचं हे लोकांना सुचत नाही, पण काय बोलायचं नाही हे मात्र नेमकं सुचतं.

मामी गेल्या त्या सकाळी मामांनी शर्ट उलटा घातला होता. मामींनी तो दाराशी दाखवून दिला, मामांनी सुलटा केला, आणि अकराच्या सुमारास कामावर शेजारणीचा फोन आला. एवढंच. पुढचं सगळं इतरांनी केलं. पाचव्या दिवशी मामा कामावर हजर.

मामा रडले नाहीत. ही गोष्ट हळूहळू सार्वजनिक झाली. दुसऱ्या शहरातली लेक रोज फोनवर विचारी, "बाबा, जेवलात?" आणि मग आवाज खाली आणून, "बाबा, रडलात?" मामा पहिल्याचं उत्तर हो देत, दुसऱ्याचं नाही, आणि दोन्ही उत्तरं बहुतेक खरी असत. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक एकदा मुद्दाम घरी येऊन म्हणाले, "मोकळे व्हा." मामांनी त्यांना चहा केला. मोकळं व्हायला आधी काहीतरी अडकलेलं लागतं, आणि मामांनी आत हात घालून पाहिलं तरी हाताला काही लागत नव्हतं. दात काढण्याआधी सुई देतात आणि आपलाच गाल आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं. फक्त सगळीकडे, आणि दात कोणता तेही ध्यानात येत नव्हतं.

प्रयोगशाळेचं काम सुजेवर चालत असे. सांधे सुजून धरलेल्या माणसांचे गुडघे रुग्णालयात उघडत, त्यांच्या आतल्या अस्तराचा नखाएवढा तुकडा बर्फात बसून इथे येई, आणि मामा त्यातल्या पेशी प्लॅस्टिकच्या थाळ्यांत वाढवीत. प्रश्न असा होता की या पेशींना सुजायचा हुकूम मिळतो कसा.

त्याचं उत्तर जगाला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. साधा रिसेप्टर म्हणजे कुलूप. बाहेरून किल्ली येते, बसते, दार उघडतं. पण यांच्यात एक जात अशी आहे की तिची किल्ली तिलाच शिवलेली असते, कोटाच्या अस्तरात नोट शिवून ठेवावी तशी. बाहेरून येतं ते एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. ते किल्ली आणत नाही, कात्री आणतं. टाके उसवतं, आतलं टोक मोकळं होतं, वळतं आणि आपल्याच कुलपात जाऊन बसतं. झालं. पेशी आरोळी ठोकते, रक्तातले शिपाई धावत येतात, लाली, सूज, ठणका. जखमेत जंतू शिरले असतील तर हे सगळं उपकाराचं. काहीच नसताना रोज चाललं तर माणसाला जिना चढवत नाही. यात एक मेख अशी की टाके एकदाच उसवता येतात. उसवलेला रिसेप्टर पेशी आत ओढून घेते आणि मोडीत काढते. नवा तयार होईपर्यंत, म्हणजे काही तास तरी, त्या हाकेला ती बहिरी.

मामांना हे तोंडपाठ होतं. सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, शुद्ध भाषेत 'ग्राही' म्हणत. मामांनी पहिली दोन वर्षं ते 'गिऱ्हाईक' असं ऐकलं होतं, आणि त्यावाचून काही अडलं नव्हतं.

थाळीला चिकटलेल्या पेशी मोजणीआधी सोडवाव्या लागतात. ज्या द्रावाने त्या सोडवतात त्याला जग काहीही म्हणो, इथे सगळे 'सोडवण' म्हणत. शब्द मामांचा. सोडवण दोन प्रकारची, तिखट आणि अळणी. तिखटात एन्झाइम असतं. ते पेशींचे पाय कापतं आणि दोन मिनिटांत पेशी तरंगायला लागतात. अळणीत एन्झाइम नाही. ती फक्त पकड ढिली करते, आणि त्याला वीस मिनिटं लागतात, तीही थाळी तळहातावर हलकेच थापटत, उभ्याने. रिसेप्टरच्या प्रयोगाला अळणीच वापरायची, हा नियम. कारण तिखटातली कात्री पाय कापता कापता रिसेप्टरचे टाकेही उसवून ठेवते. तासाभरात पेशी मोजायला घेतल्या तर प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देऊन झालेलं असतं. प्रत्येकाच्या बाटल्या वेगळ्या, फ्रिजमध्ये शेजारी शेजारी, दोन्हींवर 'सोडवण', आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'ति.' किंवा 'अ.'

यंदाच्या भाचीला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. ती अजून झालेली नव्हती. पाच वर्षं घासल्यावर आता प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते, आणि तिच्या हाती एक मोठी गोष्ट लागली होती. अपघातात फुटलेल्या, पण एरवी निरोगी गुडघ्यांच्या पेशींवर सुजेचं एन्झाइम टाकलं, की त्या मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर हिरव्या चमकत. रुग्णांच्या पेशी मात्र ढिम्म. मेल्या म्हणावं तर तसंही नाही. दुसऱ्या रसायनाने डिवचलं की त्या लगेच चमकत. म्हणजे फक्त त्या एका हाकेला त्या उठत नव्हत्या.

सरांनी तत्काळ नाव ठेवलं, 'बधिर पेशी'. नाव आधी आणि शोध मागाहून असा त्यांचा एरवीचा क्रम. या खेपेला दोन्ही एकदमच आलं म्हणून ते हरखून गेले होते. परिषदेत भाषण ठरलं, पहिल्याच चित्रात सरांचा फोटो घालायचा तेही ठरलं.

निरोगी पेशी डॉक्टरीणबाई दुपारी स्वतः सोडवी. रुग्णांच्या पेशी मोलाच्या, म्हणून त्या सोडवायचं काम तिथल्या सर्वांत मुरलेल्या हाताकडे दिलं होतं. म्हणजे मामांकडे, रोज सकाळी.

एका दुपारी ती मामांच्या टेबलाशी आली आणि स्टुलावर बसली. मामा पिपेटांची टोकं डब्यात भरत होते.

"मामा, नववा रुग्ण चमकतोय."

"चमकू दे की."

"बाकीचे अकरा नाही चमकत. सर म्हणाले, अपवाद आहे, काढून टाक. म्हणे प्रत्येक वर्गात एक असा असतोच."

"सरांच्या वर्गात ते स्वतःच होते."

ती हसली नाही. "मामा, त्या दिवशी तुम्ही नव्हतात. लेकीने बोलावलं म्हणून गेला होतात. त्या पेशी मी सोडवल्या. माझ्याकडून काय चुकलं असेल? वीस मिनिटं थापटलं, तुम्ही शिकवलंत तसंच. हात भरून आला माझा."

मामांनी एक टोक डब्यात ठेवलं, मग दुसरं ठेवलं.

"काही चुकलं नसेल," ते म्हणाले.

"मग चमकतोय कशाला मेला?"

"बघतो मी."

ती गेल्यावर मामांनी फ्रिज उघडला. त्यांच्या तिखटाच्या बाटलीत तळाशी बोटभर उरलं होतं. आधीच्या दोन रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात त्यांनीच टाकल्या होत्या. शेजारी अळणीची बाटली. गळ्याशी प्लॅस्टिकची कडी जशीच्या तशी, झाकण कधी फिरवलेलंच नाही. लेबलावर त्यांच्याच हस्ताक्षरात आणल्याची तारीख होती, चार महिन्यांपूर्वीची.

मामा दार उघडं ठेवून उभे राहिले. आता भीती वाटेल असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तिची थोडी वाट पाहिली. फ्रिज उघडा राहिल्याबद्दल कुरकुरायला लागला, तेव्हा त्यांनी दार लावलं.

भीती नसली की विचार फार स्वच्छ होतो. उद्यापासून अळणी वापरायला लागलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. तीन आठवड्यांत प्रबंध जाईल, मुलगी डॉक्टर होईल, सर भाषण करतील. वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी दुसऱ्या देशात कुणीतरी हेच करून पाहील, त्याच्या पेशी चमकतील, आणि तो चार ओळी लिहील की अमक्या बाईंचं संशोधन आम्हाला जमलं नाही. त्यात मामांचं नाव येणार नव्हतं. तंत्रज्ञाचं नाव चुकीतही येत नाही.

सांगितलं तर आजच मुलीचे चार महिने कचऱ्यात.

दोन्ही बाजू मामांनी मनात ठेवून पाहिल्या. कुठलीच जड लागली नाही. पण त्यांना एक गोष्ट खटकली, तीही कामाची म्हणून. बारांपैकी एकच रुग्ण नियमाप्रमाणे सोडवलेला होता, आणि तोच खोडला जाणार होता. हे काही बरोबर नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी बरोबर थाळी फेकू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांची भाषणाची तालीम होती. खोलीत सर, डॉक्टरीणबाई आणि भिंतीवर 'बधिर पेशी' हे शीर्षक. मामा आत आले आणि दाराशी उभे राहिले.

"सर, या पेशी बधिर नाहीत. मी त्यांना तिखट लावत होतो."

"मामा, प्रश्न शेवटी," सर न वळता म्हणाले.

"प्रश्न नाहीये सर."

सर वळले. मामांनी अळणीची बाटली टेबलावर ठेवली. सरांनी ती हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली, जणू आत काही लपवलं असावं.

"किती रुग्णांना?"

"नववा सोडून सगळ्यांना."

सर खाली बसले. त्यांचा आवाज मऊ झाला. "मामा, तुमच्यावर मोठा प्रसंग आलाय. अशा वेळी माणसाला उगाच वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं."

"मला काही वाटत नाहीये सर. बाटली बघून सांगतोय."

"अहो, तीस वर्षांत तुमच्या हातून एक थाळी वाया गेली नाही."

"म्हणून तर कुणी बघितलं नाही."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर त्यांचाच फोटो होता, कारण तालीम पहिल्या चित्रावरच अडकली होती.

डॉक्टरीणबाईने हातातली वही मिटली. "का मामा?" तिने विचारलं. रागाने नाही, प्रयोगातली पायरी विचारावी तसं.

मामांनी ते आधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही शब्दांत सांगितलं नव्हतं. "अळणीला वीस मिनिटं लागतात ना. नुसतं उभं राहायचं, थापटायचं. त्या वेळात मी घरी फोन करायचो. खांदा आणि कान यांच्यात धरून. नियमात बसत नाही, मला माहीत आहे." ते सरांकडे बघून म्हणाले. सरांनी हाताने 'असू दे' अशी खूण केली. "आता ती वीस मिनिटं नुसती समोर येऊन उभी राहतात. तिखटाला दोनच लागतात. मी ठरवून नाही केलं. हात परस्पर तिकडे जायचा."

मग सर म्हणाले, "पण नाव छान होतं हो," आणि दिवा लावला.

डॉक्टरीणबाई मामांशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "रुग्णांच्या जास्तीच्या पेशी गोठवून ठेवल्यात का?"

"तिघांच्या आहेत."

"काढा."

पेशी वाढायला दहा दिवस गेले. सोडवायच्या सकाळी ती हातात घड्याळ घेऊन मामांच्या शेजारी उभी राहिली, चौकीवरच्या पोलिसासारखी. मामांनी अळणीची कडी तोडली, थाळीत सोडवण ओतली आणि थापटायला सुरुवात केली. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "रोज वीस वीस मिनिटं काय बोलत होतात हो दोघं?"

"भांडायचो."

"कशावरून?"

"मी फोन का केला यावरून. तिचं म्हणणं, आत्ताच तर घरातून गेलात."

तिने घड्याळाकडे पाहिलं. "आठ मिनिटं राहिली," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "सात."

तासाभरात पडद्यावर तिन्ही रुग्णांच्या पेशी चमकल्या. निरोगी पेशींपेक्षा चांगल्याच जास्त चमकल्या. म्हणजे सुजलेल्या सांध्याच्या पेशी एन्झाइमची हाक जरुरीपेक्षा जास्त ऐकतात, जे जगाला आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईने आकडे उतरवून घेतले, यंत्र बंद केलं, त्यावर झाकण घातलं आणि झाकणावर डोकं ठेवून रडली. मामा शेजारी उभे होते. आपणही काहीतरी करायला हवं असं वाटून त्यांनी यंत्राची वायर नीट गुंडाळून ठेवली.

आता तिला सहा महिन्यांची मुदतवाढ हवी होती. ती मिळाली नाही तर नाव कमी होणार आणि पाच वर्षं पाण्यात. सरांनी अर्जात कारण लिहून दिलं, 'तांत्रिक अडचण', आणि सही ठोकली. दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयाने अर्ज परत पाठवला. शेवटच्या दिवशी ती पुन्हा वर निघाली, तेव्हा मामांनी हातातलं काम ठेवलं आणि न विचारता तिच्याबरोबर चालायला लागले.

खिडकीच्या मागे एक कारकूनबाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला.

"तांत्रिक अडचण चालत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एकोणीस जणांनी तेच लिहिलं होतं. नेमकं कारण हवं. आणि त्याचा पुरावा."

"मी सांगतो," मामा म्हणाले. "अर्ज द्या इकडे."

"तुम्ही कोण?"

"अडचण."

बाईंनी चष्मा लावला. मामांनी त्यांना सगळं सांगितलं. तिखट, अळणी, फोन, हात. दुसऱ्यांदा सांगत असल्यामुळे ते आता जरा सफाईने येत होतं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही, आणि त्या कार्यालयात ही गोष्ट वारंवार घडत नसावी, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूसही वळून बघायला लागला.

"एवढं रकान्यात मावणार नाही," शेवटी बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "सहायक तंत्रज्ञांच्या पत्नीचं निधन. त्यामुळे प्रयोग सदोष. पुन्हा करणे आवश्यक. ठीक? निधनाची तारीख सांगा."

मामांनी तोंड उघडलं.

बाटलीवरची तारीख त्यांना पाठ होती. थाळ्यांच्या, गोठवलेल्या नळ्यांच्या, तीन वर्षांपूर्वी बिघडलेल्या इनक्युबेटरच्या तारखाही त्यांना सांगता आल्या असत्या. ही तारीख तिथे नव्हती. त्यांनी शोधली. शर्ट उलटा होता. तो सुलटा केला. त्या दिवसावर तारीखच घातलेली नव्हती.

बाई पेन धरून थांबल्या होत्या. शेजारचा माणूस आता उघड उघड बघत होता.

"अठरा," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिने महिना सांगितला, वर्ष सांगितलं. "मंगळवार."

"तुम्हाला कसं माहीत? नात्यातल्या का?"

"नाही. माझे सगळे रुग्ण त्या तारखेपासून बाद आहेत."

बाईंनी तारीख लिहिली. पुराव्याचं म्हणाल्या, दाखल्याची प्रत आठवडाभरात आणून द्या, चालेल. शिक्का मारला, फुंकर घातली, सहा महिने दिले आणि अर्ज खिडकीतून बाहेर सरकवला. तो मामांनी घेतला, कारण ते जवळ होते.

दोघं जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामा थांबले. हातातला कागद फडफडत होता. वारा कुठून येतोय म्हणून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पण खिडकी बंद होती. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. हात त्यांचाच होता. तो थांबेना. त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला, तर दोन्ही हलायला लागले.

ते पायरीवर बसले. डॉक्टरीणबाई दोन पायऱ्या खाली होती, ती परत वर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. खालून दोन माणसं वर आली, त्यांना वाट द्यायला ती जरा सरकली.

"बाळ, हा तू धर," मामा कागद पुढे करत म्हणाले. "माझ्या हातात चुरगळेल."